उबंटू २०.०४ वरून २४.०४: पार्टिशनं आहेत तशी ठेवू की नव्याने पाडू? (नाशिक)

इंदिरानगरवासी · सोम, २१:४०

नमस्कार मंडळी.

घरच्या डेस्कटॉपवर उबंटू २०.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला. मशीन रोज आठवण करून देतं, मी रोज ‘नंतर’ म्हणतो. आता २४.०४ वर जायचं नक्की केलंय. पण अपग्रेड सुरू केलं की सरळ नकार येतो: /बूटवर (मशीन सुरू करायच्या फाइली) जागा कमी, रूटवर (उबंटू स्वतः असतं ते पार्टिशन) जागा कमी.

मशीन सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचं, रॅम ८ जीबी, एसएसडी २४० जीबी, शिवाय १ टीबीची हार्डडिस्क. एसएसडीवर डावीकडून उजवीकडे असा क्रम आहे: ईएफआय (बूट लोडरचं छोटं पार्टिशन) १०० एमबी, विंडोज १० सुमारे १०० जीबी, त्याचं रिकव्हरी अर्धा जीबी, /बूट ५१२ एमबी, रूट २५ जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) ८ जीबी आणि उरलेलं सगळं /होम (आमच्या फाइली), म्हणजे ८९ च्या आसपास. हार्डडिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम), तिच्यात फोटो आणि जुनी कागदपत्रं.

मी घरी दहावी-बारावीचे गणिताचे क्लास घेतो. प्रश्नपत्रिका लाटेक आणि लिब्रेऑफिसमध्ये. त्या सगळ्या /होममध्ये आहेत आणि त्या गेल्या तर मी पण गेलोच. विंडोजवर सौ. टॅली वापरते. मुलगी, सौ. आणि मी, तिघांची वेगळी खाती आहेत.

ही पार्टिशनं भाच्याने पाडून दिली होती. भाचा आता बंगळुरात. फोन केला की “मामा, फॉरमॅट मारा” एवढंच सांगतो.

तर विचारायचं असं की /होम थोडं कमी करून रूट वाढवता येईल का? की सगळं पुसून नव्याने पाडावं? पाडायचं तर कशाला किती द्यावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेनड्राइव्ह_पांडू · सोम, २१:४६

भाचा बरोबर बोलतोय. फॉरमॅट मारा.

(पळतो.)

सिडकोकर · सोम, २२:०५

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते लोकांना आवडत नाही. घरच्या मशीनवर पार्टिशनं पाडायचीच कशाला? ईएफआयचं एक छोटं आणि बाकी सगळं एकच मोठं रूट, संपला विषय. २४० जीबीच्या डिस्कचे तुकडे केले की कायम एका तुकड्यात जागा पडून असते आणि दुसऱ्यात मारामार. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. /होममध्ये निम्मं रिकामं असेल, बघा.

“पण फॉरमॅट मारताना /होम वाचतं ना” असं म्हणणारे आता येतीलच. डेटा बॅकअपमुळे वाचतो, पार्टिशनमुळे नाही. डिस्क गेली की तिच्यावरची सगळी पार्टिशनं एकदमच जातात.

गोदाकाठची_मृण्मयी · सोम, २२:१२

सिडकोकर, बॅकअपबद्दल शंभर टक्के मान्य. पण मुद्दा डिस्क जाण्याचा नाहीच. नवी सिस्टिम टाकताना १०० जीबी हार्डडिस्कवर न्या, परत आणा, परवानग्या बिघडल्या का बघा, हा सगळा खटाटोप वेगळ्या /होममुळे टळतो. बॅकअप हाताशी असतो, पण त्यातून परत भरायची वेळ येत नाही. एवढाच फायदा, पण तो दर अपग्रेडला मिळतो.

इंदिरानगरवासी, पार्टिशनला हात लावायच्या आधी रूटमध्ये भरलंय काय ते बघा. २५ जीबी म्हणजे अगदीच कमी नाही, २४.०४ साठी डिस्कवर २५ जीबीची शिफारस आहे. टर्मिनलात हे चालवा आणि काय येतं ते इथे टाका:

डीएफ -एच
एलएसबीएलके -एफ
सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /

त्यातला एक्स महत्त्वाचा. तो दिला की डीयू दुसऱ्या पार्टिशनमध्ये शिरत नाही, नाहीतर /होम आणि हार्डडिस्कसुद्धा मोजत बसेल.

पेनड्राइव्ह_पांडू · सोम, २२:१५

कमांड देवनागरीत आहेत, मामा टर्मिनलात तशाच चिकटवतील. सूचना देणे माझे काम.

अंबडचा_अ‍ॅडमिन · सोम, २२:५०

एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो, म्हणून लिहितोय. या वादावरचा तोडगा फार जुना आहे: एलव्हीएम, म्हणजे भागांचे आकार नंतर बदलता येणारी सोय. एक मोठा व्हॉल्यूम ग्रुप करायचा, त्यातून रूटला ४० द्यायचे, /होमला ६० द्यायचे आणि उरलेले कोणालाच द्यायचे नाहीत. ज्याला कमी पडेल त्याला ‘एलव्हीएक्स्टेंड -आर’ ने वाढवायचं, चालू मशीनवर, रीबूट न करता. डावं-उजवं हा प्रश्नच उरत नाही, कारण जागा डिस्कवर सलग असावी लागत नाही.

लोक एलव्हीएम घेतात आणि पहिल्याच दिवशी सगळी जागा वाटून टाकतात. मग त्याचा उपयोग काय? उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर तर मुद्दामच सगळी जागा रूटला देत नाही. नवीन पोरं घाबरतात की ५०० जीबीची डिस्क घेतली आणि १०० च दिसतेय. गेलेली नसते, ग्रुपमध्ये शिल्लक असते.

आणखी एक. एक्सएफएस घेऊ नका. उत्तम फाइल सिस्टिम आहे, पण वाढवता येते, लहान करता येत नाही. एक्स्ट४, लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम, दोन्हीकडे जाते. वाढवणं माउंट (जोडलेली) असतानाच होतं, लहान करायला मात्र अनमाउंट करावं लागतं.

सिडकोकर · सोम, २२:५८

@अ‍ॅडमिन, गणिताच्या क्लाससाठी एलव्हीएम? उद्या त्यांना रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) पण लावायला सांगाल.

अंबडचा_अ‍ॅडमिन · सोम, २३:०१

दोन डिस्क आहेत त्यांच्याकडे, विचार करता येईल 😀

देवळालीचे_काका · मंगळ, ०६:२०

सकाळी उठून धागा वाचला. तरुण मंडळींचा जोर पाहून बरं वाटलं.

ही वेगळी /बूट कुठून आली ते सांगतो, कारण निम्मी माणसं ती का करतात हे न कळता करतात. आम्ही पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडीवरून लिनक्स टाकायचो तेव्हा लिलो हा बूट लोडर (मशीन सुरू होताना सिस्टिम चढवणारा प्रोग्राम) असायचा. जुन्या बायोसला डिस्कच्या १०२४ व्या सिलिंडरच्या पलीकडचं वाचता येत नसे, म्हणजे जेमतेम ८ जीबीच्या पुढचं. कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या हद्दीच्या अलीकडेच राहिला पाहिजे, म्हणून डिस्कच्या तोंडाशी एक छोटी /बूट पाडायची. त्या काळी कर्नल एक-दोन एमबीचा, त्यामुळे ५० एमबीसुद्धा चैन वाटायची.

आजचा बूट लोडर ग्रब थेट रूटमधून कर्नल वाचतो. तुम्ही सगळी डिस्क एन्क्रिप्ट करणार नसाल तर घरच्या मशीनला वेगळी /बूट लागत नाही. आणि करायचीच झाली तर ५१२ एमबी आता पुरत नाही. कर्नलबरोबर येणारी इनिटआरडी फाइलच शंभर एमबीच्या घरात जाते, त्यात ड्रायव्हर, फर्मवेअर सगळं कोंबलेलं. दोन-तीन कर्नल साठले की /बूट भरली. डेबियन (आणखी एक लिनक्स) १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यांनी तर सूचनाच दिलीय की अपग्रेडपूर्वी /बूट किमान ७६८ एमबीची हवी आणि त्यात ३०० एमबी रिकामी हवी.

स्वॅपचंही तसंच. “रॅमच्या दुप्पट” हा नियम ३२ एमबी रॅमच्या काळातला. उबंटूने १७.०४ पासून नव्या इन्स्टॉलला स्वॅपचं पार्टिशनच बंद केलं, साधी स्वॅप फाइल करतं. हायबरनेट करायचं असेल तरच रॅमएवढा स्वॅप हवा.

मिसळपंथी · मंगळ, ०७:१५

काका, दंडवत. लिलो हा शब्द किती वर्षांनी वाचला! “एलआय” एवढंच छापून अडकायचा, आठवतंय का? पुढचं “एलओ” येईपर्यंत देव आठवायचा.

देवळालीचे_काका · मंगळ, ०७:३०

आठवतं तर. किती अक्षरं उमटली त्यावरून घोडं कुठे अडलंय ते कळायचं. आजच्या काळ्या पडद्यापेक्षा बरंच सभ्य.

इंदिरानगरवासी · मंगळ, १३:१०

सर्वांचे आभार. मृण्मयीताई, तुम्ही सांगितलेलं चालवलं. (पांडू, इंग्रजीतच टंकलं.)

डीएफ म्हणतं रूटचा आकार २४.४ जीबी, वापर २२.६, शिल्लक ०.६. हे गणित माझ्याच्याने जुळत नाही. २४.४ वजा २२.६ म्हणजे १.८ उरायला हवेत, १.२ जीबी गेले कुठे?

डीयूमध्ये मोठे आकडे: /यूएसआर ९, /व्हार ४, आणि /टाइमशिफ्ट नावाचं फोल्डर ८.५ जीबी. हे शेवटचं काय आहे?

/होममध्ये ८७ पैकी ४१ भरलेत.

गोदाकाठची_मृण्मयी · मंगळ, १३:२५

सापडला चोर! टाइमशिफ्ट सिस्टिमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची नक्कल) काढतं. आरसिंक (फाइली कॉपी करायच्या) पद्धतीने ठेवलं असेल तर ते दुसरी डिस्क निवडेपर्यंत रूटमध्येच साठवतं. म्हणजे रूट बिघडलं तर परत आणायची सोय रूटमध्येच. शिवाय तुमची हार्डडिस्क एनटीएफएस आहे, तिथे टाइमशिफ्ट आरसिंकचे स्नॅपशॉट ठेवतच नाही. त्याला लिनक्सची फाइल सिस्टिम लागते. भाच्याने बहुधा म्हणूनच रूट निवडलं असावं.

जुने स्नॅपशॉट टाइमशिफ्टच्या खिडकीतूनच काढा, फोल्डर हाताने पुसू नका.

१.२ जीबीचं कोडं असं: एक्स्ट४ पाच टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते, म्हणजे डिस्क गच्च भरली तरी सिस्टिमला लॉग लिहिता यावेत. डीएफ ती ‘शिल्लक’मध्ये धरत नाही. रूट पार्टिशनवर ती असू द्या. पण पुढे ती १ टीबीची डिस्क एक्स्ट४ केलीत तर तिथे हेच पाच टक्के म्हणजे ४६ जीबी होतात, नुसते पडून. डेटाच्या पार्टिशनवर ‘ट्यून२एफएस -एम १’ करून ते एक टक्क्यावर आणायचे.

सातपूरचा_फिटर · मंगळ, १४:०२

म्हणजे २० प्रतिसाद पार्टिशनवर आणि रोग निघाला टाइमशिफ्ट. हहपुवा.

अंबडचा_अ‍ॅडमिन · मंगळ, १४:२०

स्नॅपशॉट काढले की रूट १४ जीबीवर येईल, मान्य. पण /यूएसआर ९ जीबी आहे त्यात टेक्स लाइव्हचा (लाटेकचा संच) वाटा मोठा असणार, पूर्ण संच टाकला की तो कित्येक जीबी खातो. ते त्यांना लागतंच. त्यातच २०.०४ वरून एकदम २४.०४ ला उडी मारता येत नाही, आधी २२.०४, मग २४.०४. दोन्ही वेळा काही जीबी पॅकेजं /व्हारमध्ये उतरणार. ‘एपीटी क्लीन’, ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ आणि ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ केलं की २५ मध्ये बसेल कदाचित, पण काठावर. आणि /बूटचं दुखणं तसंच राहतं.

ओझरकर · मंगळ, २०:३५

मूळ प्रश्नाकडे येतो: “/होम कमी करून रूट वाढवता येईल का?” येईल. जीपार्टेडची लाइव्ह पेन ड्राइव्ह करून बूट करायचं, /होम लहान करायचं, मधलं स्वॅप उडवायचं, रूट उजवीकडे वाढवायचं. वाचायला सोपं आहे.

गोम अशी की /होमची जागा डाव्या बाजूने मोकळी करावी लागणार, कारण रूट त्याच्या डावीकडे आहे. उजवी कड आत घेणं काही मिनिटांचं काम, फाइल सिस्टिमचा शेवट तेवढा अलीकडे येतो. डावी कड हलवायची म्हणजे आतला सगळा डेटा उचलून पुढे नेऊन ठेवायचा. ते चालू असताना मध्येच थांबलं तर अर्धं पार्टिशन जुन्या जागी आणि अर्धं नव्या जागी.

आमच्या एका मित्राचं असंच चाललं होतं, एसएसडी नव्हती, साधी हार्डडिस्क. चांगले काही तास दाखवत होतं. लाइट गेली. घरात इन्व्हर्टर होता, पण इन्व्हर्टर उचलेपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट झाला. त्यानंतर ते पार्टिशन कशानेच उघडलं नाही. फोटो रिकव्हरीने काही परत मिळाले, पण फाइलींची नावं गेली. लग्नाचे आणि बारशाचे फोटो एकाच ढिगात.

तेव्हा लॅपटॉप असेल तर बॅटरी आहे, डेस्कटॉप असेल तर यूपीएस. नुसत्या इन्व्हर्टरवर हा उद्योग नको. पावसाळ्यात तर नकोच.

मिसळपंथी · मंगळ, २०:५०

इन्व्हर्टरला यूपीएस मोड असतो, तो चालू केला की बदल चटकन होतो. आमच्याकडे तसाच ठेवलाय, पीसी बंद पडत नाही.

ओझरकर · मंगळ, २०:५८

असतो. पण बॅटरी जुनी झाली की भरवसा नाही. आणि बॅटरीत पाणी कोण बघतं?

सातपूरचा_फिटर · मंगळ, २१:०३

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकायला आमच्याकडे या, चहा पाजतो. (अवांतर: आमच्या गल्लीत रस्ता खोदलाय, तीनदा फायबर तुटली. २४.०४ ची फाइल सुमारे ६ जीबी आहे, अजून उतरतेय. सिंहस्थापर्यंत उतरेल.)

गोदाकाठची_मृण्मयी · मंगळ, २१:१०

फिटरभाऊ, टॉरेंटने उतरवा. तुटलं तरी तिथून पुढे चालू होतं. आणि उतरल्यावर एसएचए२५६ (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) तपासा, अर्धवट फाइलची पेन ड्राइव्ह करून नंतर मशीनला दोष देऊ नका.

नवखा_नाशिककर · मंगळ, २१:३०

एक बाळबोध प्रश्न. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम घेतली तर हे सगळं टळत नाही का? फेडोरा लिनक्समध्ये तीच येते ना?

गोदाकाठची_मृण्मयी · मंगळ, २१:४८

बाळबोध अजिबात नाही. फेडोरा ३३ पासून, म्हणजे २०२० पासून, डेस्कटॉपवर तेच मुळात येतं. एकच पार्टिशन, आत रूट आणि होम असे दोन सबव्हॉल्यूम, जागा दोघांत सामाईक. सिडकोकरांची एक-पार्टिशनवाली सोय पण मिळते आणि नव्या इन्स्टॉलच्या वेळी होमचा सबव्हॉल्यूम ठेवून रूटचा तेवढा बदलता येतो. स्नॅपशॉट क्षणात निघतो. उबंटूवर टाइमशिफ्टचा बीटीआरएफएस मोड वापरायचा तर सबव्हॉल्यूमची नावं ‘@’ आणि ‘@होम’ अशीच हवीत.

मी स्वतः तेच वापरते. पण इथे सांगणार नाही, कारण त्यांचं असलेलं /होम एक्स्ट४ आहे आणि ते न हलवणं हाच सगळा खेळ आहे. एलव्हीएमचंही तेच, असलेल्या पार्टिशनवर ते सहज चढवता येत नाही. दोन्ही गोष्टी कोऱ्या डिस्कच्या.

सिडकोकर · मंगळ, २२:०५

चला, ताईंनी माझी बाजू अर्धी तरी घेतली. आज झोप लागेल.

नांदूरनाक्याचा_नाना · बुध, १०:४०

सगळे /होम आणि रूटमध्येच गुंतलेत. विंडोजचे १०० जीबी कोणाला दिसत नाहीत का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, ती आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे त्या १०० जीबीत आज ना उद्या काहीतरी करावंच लागणार आहे. टॅलीसाठी घरात दुसरा लॅपटॉप आहे का ते सांगा. असेल तर काहीही न हलवता काम होतं:

टॅलीचा डेटा आणि विंडोजमधलं जे हवं ते बाहेर काढा. विंडोजचं पार्टिशन उडवा. ईएफआयला हात लावू नका, ग्रब तिथेच राहतो. त्या मोकळ्या जागेत ६०-७० जीबीचं नवं रूट पाडा आणि २४.०४ तिथे टाका. वेगळी /बूट नको, काकांनी सांगितलंच आहे. जुनं /होम ‘/होम’ म्हणून जोडा, फॉरमॅटची खूण न करता. जुनं २५ जीबीचं रूट आणि जुनी /बूट आहेत तिथेच राहू द्या. नवीन नाही जमलं तर जुनी सिस्टिम शाबूत आहे. महिनाभराने खात्री पटली की पुसा.

अपग्रेड नाही, हलवाहलवी नाही, लाइटची भीती नाही.

देवळालीचे_काका · बुध, ११:०५

नानांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. पार्टिशनचा विचार आकारावरून सुरू केला की वाद होतातच. काय पुन्हा डाउनलोड करता येईल आणि काय येणार नाही, यावरून सुरू करावा. टेक्स लाइव्ह पुन्हा मिळेल, प्रश्नपत्रिका नाही मिळणार. या दोन गोष्टी वेगळ्या पार्टिशनवर असल्या की पहिली केव्हाही उधळून लावता येते. यापलीकडे /व्हार वेगळं, /टीएमपी वेगळं, हे सगळं शंभर युजरच्या सर्व्हरचं. एकाने लॉग भरून टाकले तर बाकीच्यांचं काम थांबू नये म्हणून. घरात ती भीती नाही.

अंबडचा_अ‍ॅडमिन · बुध, ११:४०

नानांच्या योजनेला +१, पण तीन खाचखळगे सांगून ठेवतो.

पहिला: दोन्ही उबंटू ईएफआयमध्ये ‘उबंटू’ याच नावाच्या फोल्डरमध्ये लिहितात. नवं टाकलं की जुन्याचा ग्रब त्याखाली झाकला जातो. जुनी सिस्टिम नव्या ग्रबच्या यादीत यायला ओएस-प्रोबर (दुसऱ्या सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) चालू हवा. ग्रब २.०६ पासून तो मुळात बंद असतो. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ लिहून ‘अपडेट-ग्रब’ करायचं.

दुसरा: जुनी आणि नवी सिस्टिम एकच /होम वापरणार. नव्या डेस्कटॉपने सेटिंग बदलली की तीच जुन्यालाही दिसणार, आणि जुन्याला नव्या आवृत्तीची सेटिंग पचतीलच असं नाही. फायरफॉक्स तर जुन्या आवृत्तीत नवं प्रोफाइल उघडायलाच नकार देतो. तेव्हा जुन्यात शिरलात तर फाइल काढून घ्या आणि बाहेर या, रोजचं काम तिथे करू नका.

तिसरा: तीन युजर. लिनक्स फाइलचा मालक नावाने नाही, आकड्याने ओळखतं. पहिला युजर १०००, मग १००१, १००२. इन्स्टॉल करताना पहिलं खातं तुमचं झालं, मग मुलीचं आधी आणि सौ.चं नंतर केलं, तर सौ.च्या फाइली मुलीच्या नावावर दिसतील. आजच ‘एलएस -एलएन /होम’ चालवून आकडे कागदावर लिहून ठेवा आणि खाती त्याच क्रमाने करा.

पेनड्राइव्ह_पांडू · बुध, ११:४५

तिसऱ्या खळग्यात घटस्फोट होऊ शकतो. मामा, कागदावर लिहाच.

इंदिरानगरवासी · बुध, १९:२०

नाना, हे डोळ्यासमोर असून सुचलं नव्हतं. मुलीचा लॅपटॉप विंडोज ११ चा आहे, टॅली तिकडे न्यायचं सौ. मान्य करतेय. तिची अट एकच, “मला पेंग्विन दाखवायचा नाही.”

हार्डडिस्कचं काय करू? एनटीएफएसच ठेवू?

गोदाकाठची_मृण्मयी · बुध, १९:४५

विंडोज जाणारच असेल तर एक्स्ट४ करा, पण घाई नको. आधी फोटो दुसऱ्या कुठल्या तरी डिस्कवर पूर्ण गेले पाहिजेत. आणि इन्स्टॉलच्या दिवशी हार्डडिस्कची साटा केबल काढूनच ठेवा. इन्स्टॉलरला जी डिस्क दिसत नाही, ती तो पुसूही शकत नाही.

नंतर एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) ती जोडताना यूयूआयडीने (पार्टिशनचा ओळख क्रमांक) जोडा. एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात. शिवाय ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहा. नाहीतर कधी ती केबल सैल झाली तर बूट होताना दीड मिनिट वाट बघून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल आणि तुम्हाला वाटेल उबंटूच गेलं.

तोवर एनटीएफएस असताना ती उघडली पण लिहू देत नाही असं झालं, तर विंडोजचा फास्ट स्टार्टअप बंद करून, पूर्ण शटडाउन करून बघा. विंडोज पुसायच्या आधी. नंतर ते करायला विंडोज नसेल.

सिडकोकर · बुध, २०:०१

माझी हरकत नोंदवून ठेवा: २४० जीबीवर आता दोन रूट, दोन कर्नलचे संच आणि ८ जीबीचं स्वॅप. पण महिनाभरापुरतं म्हणून गप्प बसतो.

नवखा_नाशिककर · बुध, २०:१०

फॉरमॅटची खूण कुठे असते? भीती तिचीच वाटते.

नांदूरनाक्याचा_नाना · बुध, २०:२५

डिस्कचं काय करायचं असं इन्स्टॉलर विचारतो तिथे ‘मॅन्युअल’ निवडायचं. मग पार्टिशनची यादी येते. /होमच्या पार्टिशनवर ‘बदला’ केलं की फाइल सिस्टिम आणि माउंट पॉइंट विचारतं. माउंट पॉइंट /होम द्यायचा, फॉरमॅट करू नका अशी स्थिती ठेवायची. पुढे सगळ्या बदलांची यादी एका पडद्यावर दिसते. तिथे थांबा आणि मोठ्याने वाचा. फॉरमॅट होणाऱ्यांत फक्त नवं रूट असलं पाहिजे. दुसरं काहीही असेल तर मागे फिरा, तोपर्यंत डिस्कवर काही लिहिलेलं नसतं.

इंदिरानगरवासी · रवि, १७:५०

मंडळी, झालं.

टॅली लॅपटॉपवर गेलं, फोटो शेजाऱ्यांच्या बाहेरच्या डिस्कवर उतरवले, हार्डडिस्कची केबल काढली. विंडोजच्या जागी ७० जीबीचं रूट पाडलं, बाकी तीस तसेच मोकळे ठेवलेत. बदलांची यादी सौ.ला मोठ्याने वाचायला लावली. ती म्हणाली, “यात माझं काहीच दिसत नाही, म्हणजे बरोबर आहे.” खाती आकड्यांच्या क्रमाने केली, सगळ्यांच्या फाइली आपापल्या नावावर. वॉलपेपरसुद्धा जुनाच आला.

दोन गोष्टी राहिल्या. टेक्स लाइव्ह पुन्हा टाकतोय, ते कळतं. पण मराठी कीबोर्ड गायब आहे. सेटिंगमध्ये नाव दिसतंय, टंकता येत नाही. /होम जुनंच आहे ना?

गोदाकाठची_मृण्मयी · रवि, १८:०५

अभिनंदन! कीबोर्ड निवडल्याची नोंद /होममध्ये आहे म्हणून नाव दिसतं, पण तो चालवणारं पॅकेज जुन्या रूटमध्ये राहिलं. ‘एपीटी इन्स्टॉल आयबस-एम१७एन’ करा, लॉगआउट होऊन परत या.

अंबडचा_अ‍ॅडमिन · रवि, १८:१०

मोकळे तीस जीबी कोणालाच देऊ नका अजून. जुनं रूट पुसाल तेव्हा त्यांचा विचार करा.

देवळालीचे_काका · रवि, १८:२२

आणि टाइमशिफ्ट या वेळी रूटवर नको. हार्डडिस्क एक्स्ट४ झाली की तिकडे.

इंदिरानगरवासी · रवि, १८:४०

कीबोर्ड चालू झाला, हे त्यावरूनच टंकतोय. काका, हार्डडिस्कचं काम नाताळच्या सुट्टीत. भाचा येतोय, त्यालाच बसवतो.

पेनड्राइव्ह_पांडू · रवि, १८:४३

त्याला सांगा, फॉरमॅट मार.